आसरांचा ओटा

आमच्या ह्यांचे गुडघे गेले नसते तर मला कासाबाई भेटली नसती. आणि कधी कधी वाटतं, नसती भेटली तर बरं झालं असतं. निदान आज जीव असा जळला नसता.

हे म्हणजे माधवराव. पोस्टातली नोकरी. जन्मभर खुर्चीत बसून शिक्के मारले आणि निवृत्त झाल्या झाल्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण चढ नको, डांबरी नको, मऊ जमीन बघा. आता जिंतुरात मऊ जमीन आणू कुठून? स्टँडकडे निघालं की मोटारसायकली अंगावर येतात, दुसऱ्या अंगाला निघालं की डोंगर आडवा. मी ज्याला त्याला विचारत सुटले. शाळेत जन्मभर पोरींवर ओरडलेली बाई मी, विचारताना सुद्धा दरडावल्यासारखं होतं. शेवटी भाजीवाली म्हणाली, "बाई, आसरांच्या वढ्याला जावा की. सपाट वाट हाय, आन् पानी बारा म्हयने."

बारा महिने पाणी, आणि ते आमच्या जिंतूर तालुक्यात! मी म्हटलं, काहीतरी फेकते आहे झालं. पण गेलो. येलदरीच्या रस्त्याला एसटी फाट्यावर सोडते, तिथून पुढच्या छोट्या वाडीच्या अलीकडे उजवीकडे उतरलं की ओढा लागतो. तो बघितला आणि माझं तोंड बंद झालं. मार्च संपत आलेला, सगळं रान करपलेलं, आणि मधून घोट्याएवढं पाणी खळखळत चाललेलं. तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. दोन्ही काठांना करंज, मधे मधे शिंदीची झाडं, दगडावर एक धोबी पक्षी शेपटी नाचवत बसलेला. आणि वाट म्हणाल तर खरंच सपाट, मेंढरांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवून केलेली. तिला धरून रमत गमत गेलं की शेवटी एक म्हातारा उंबर. उंबराच्या मुळाशी काळ्या खडकाला एक फट, त्या फटीतून पाणी यायचं आणि खाली डोहात पडायचं. फटीच्या तोंडाशी शेंदूर लावलेले सात दगड होते. ह्या साती आसरा, पाण्याच्या देवी.

माधवराव डोहाच्या काठावर बसले आणि चपलेसकट पाय पाण्यात सोडले. तेवढ्यात मागून आवाज आला, असा की मी दचकून डबा खाली टाकला.

"ओ मालक! पायतान काढा! माझ्या बायांच्या म्होरं चपला धुवायलाव का?"

वळून पाहते तर हिरव्या लुगड्यातली एक काटकुळी बाई, डोक्यावर घोंगडीची घडी, हातात काठी, मागे मेंढरं. मलाही राग येतोच. म्हटलं, "जरा नीट बोला की."

"नीटच बोलायलेय. तुमाला ऐकू यावं म्हनून मोठ्यानं बोलायलेय."

माधवरावांनी निमूटपणे चपला काढल्या. घरी माझं कधी इतक्या चटकन ऐकलं नाही, ते तिचं ऐकलं. मला हसू फुटलं, ती पण हसली. मग डब्यातली धिरडी तिला दिली, तिनं आम्हाला लोटीभर ताक दिलं, आणि त्या दिवसापासून आमची फेरी म्हणजे कासाबाईला भेटायला जाणं झालं. गुडघे राहिले बाजूला.

ती हटकर धनगर. माहेर पालमकडचं, तिकडे रानोमाळ घागरी घेऊन हिंडायचं. तिच्या बापानं हा ओढा बघून लेक इकडे दिली. "पानी बगून दिली मला," ती म्हणायची, "नवरा मागून बगितला." नवऱ्याचं नाव येडबा, हे मला वाडीत कळलं, तिनं कधी तोंडातून काढलं नाही. गरीब माणूस, बोलणं कमी. मेंढरं घेऊन रस्ता ओलांडताना ट्रक आला, त्यानं मेंढरं पलीकडे हाकलली आणि स्वतः राहिला. "मेंढरू एक मेलं न्हाई. आपुन गेला. आता ह्याला शानपन म्हनावं का बाई?" हे ती चिडून सांगायची. एवढी वर्षं झाली तरी तिचा त्याच्यावरचा राग गेला नव्हता.

मग तिनं एकटीनं मेंढरं सांभाळली, लेकाला वाढवलं. दुसरे धनगर उन्हाळा लागला की मेंढरं घेऊन पाण्याच्या मागे परमुलखात जातात. हिला कधी जावं लागलं नाही. ओढा दाराशी होता. कातरणीच्या आधी मेंढरं धुवायची ती याच डोहात. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून एकेक मेंढी ती अशी घुसळून काढायची, की मला शाळकरी पोरींचे केस धुणाऱ्या आया आठवायच्या. लोकरीला आता कुत्रं विचारत नाही. कातरायची आणि बांधावर फेकून द्यायची. मी विचारलं, मग धुता कशाला? तर म्हणे, "घानीत कातर चालंना. आन् त्यांना बी बरं वाटतंय की. तुमी न्हाई का न्हात?"

लेक अमृत. आयटीआय झाला, वाळूजला कंपनीत लागला. पोरगा गुणाचा. बायको बबिता पण साधी, सासूला फोनवर सुद्धा पदर घेऊन बोलणारी. दोघांचा एकच हट्ट, आई, मेंढरं विक आणि आमच्याकडे ये. एका दिवाळीत तो आला होता तेव्हा आम्हीही ओढ्यावर होतो. तो मला म्हणाला, "बाई, तुमी तरी सांगा हिला. कुटं पडली बिडली तर आमाला कळायचं सुद्धा न्हाई."

मी तोंड उघडणार तोच कासाबाई म्हणाली, "त्या खोलीत मी काय करू? भिताडाकडं बगू? वढा हाय तवर मी हाय हितं. ज्या साली वढा आटंल त्या साली मेंढरं इकते आन् तुझ्या मागं येते. मंग तर झालं?"

"म्हनजे कवाच न्हाई म्हन की," अमृत हसला. बहात्तरच्या दुष्काळात अर्ध्या तालुक्यानं त्या डोहातून पाणी नेलं होतं, तरी फट गळायची थांबली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तर! हे बग," असं म्हणून तिनं कमरेची पिशवी सोडली, हळदीचा भंडारा मूठभर हातावर घेतला, सात दगडांकडे तोंड केलं आणि बोललेलं पुन्हा एकदा मोठ्यानं बोलली. मग तो भंडारा लेकाच्या कपाळाला लावला, स्वतःच्या लावला, उरलेला हवेत उधळला. सगळे हसत होतो. भंडारा उचलून दिलेला शब्द धनगर माणूस जीव गेला तरी मोडत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या शब्दात काही जोखीम आहे असं कुणाच्या मनात सुद्धा आलं नाही. सूर्य पश्चिमेला उगवला तर येते, असं म्हटल्यासारखंच होतं ते.

अमृत-बबिताला लेकरू नव्हतं. दवाखाने झाले, देवरस्की झाली. कासाबाईनं आसरांना नवस बोलला होता, नातवंडाचं तोंड दाखवा, तुमाला बसायला ओटा बांधते, वर पत्रा घालते. आणि झाली की नात! बाई इतकी हरखली की वाडीभर गूळ वाटत हिंडली. मेंढरांत दोन तगडे बोकड होते ते विकले आणि नागनाथ गवंड्याला बोलावलं. नागनाथ वाडीतलाच, तिच्या नात्यातला.

आता हे नीट सांगते, कारण सगळं इथंच झालं. त्या देवी होत्या फटीच्या तोंडाशी. पाणी त्यांच्या अंगावरून जायचं. दर वर्षी शेंदूर लावला की महिन्यात धुऊन जायचा, दगड पुन्हा काळे. कासाबाईला याचं फार लागायचं. "माझ्या बाया बारा म्हयने वल्ल्यात बसत्यात वो," ती मला म्हणायची, "थंडीत मी घोंगडी घेते, आन् ह्या गारठायल्यात. कपाळाला कुकू ठरत न्हाई त्यांच्या." लेकीबाळींबद्दल बोलावं तसं बोलायची. मला तेव्हा हसू यायचं, आज डोळ्याला पाणी येतं.

नागनाथनं दगड रचले, सिमेंट कालवलं, पण खालून पाणी येत राहिलं आणि माल वाहून जायला लागला. तो म्हणाला, "काकी, सिमेंट धरंना." ही म्हणाली, "मंग आधी भोक बुजीव की." त्यानं फटीत पोती कोंबली, दगड ठोकले, वरून कोरडं सिमेंट दाबलं. पाणी जरा बाजूनं पाझरलं, तिथंही दाबलं. मग बंद झालं. कुणाला भीती वाटली नाही. पाणीच ते, काढील दुसरीकडून वाट, असं जो तो म्हणत होता. वर कोबा घातला, सात दगड ओळीनं सिमेंटात बसवले, चार पाइपांवर पत्रा चढवला. दहीभाताचा नैवेद्य झाला. आम्हाला आमंत्रण होतंच. माधवराव ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले आणि म्हणाले, "वा कासाबाई, गुडघ्यांची सोय केलीत." शेंदूर असा लखलखत होता, आणि कासाबाई लांबून बघत उभी होती, तोंडावर पदर धरून. इतक्या सुखी बाया मी फार कमी बघितल्या आहेत.

सुरुवातीला खरंच पाणी बाजूनं आलं. थोडं इकडून, थोडं तिकडून. पावसाळ्यात ओढा भरून वाहिला, कुणाला काही कळलं नाही. पण संक्रांतीनंतर आम्ही गेलो तर खळखळ ऐकू येईना. माधवरावांना वाटलं आपले कान गेले. मी म्हटलं, तुमचे गेले असतील, माझे शाबूत आहेत. होळीपर्यंत वाटेवरचे पाणथळ भाग सुकले, लव्हाळी पिवळी पडली, आणि डोहाच्या कडेला चिखल दिसायला लागला. तो चिखल मी तिथं आधी कधीच पाहिला नव्हता.

मी सरळ बोलणारी बाई. म्हटलं, "कासाबाई, राग मानू नका, पण तो ओटा भोवतोय. पाण्याचा गळा दाबलाय तिथं."

ती अशी भडकली! "काय बोलायलाव बाई? देवीच्या बसन्यानं पानी जाईल? पानी त्यांचंच हाय की! त्या कशाला आपलं आपुन पानी तोडतील?"

"अहो देवीनं नाही, सिमेंटनं."

"तुमाला न्हाई कळायचं ते. तुमी देव मानीत न्हाई."

मी देव मानते की नाही हा प्रश्न नव्हता, पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी! ओळखीच्या एका इंजिनिअरला मी फोन लावला. तो म्हणाला, सिमेंटनंही असेल, वरच्या माळावर मोसंबीवाल्यांनी बोअर पाडलेत त्यानंही असेल, पाणी एकदा खाली उतरलं की छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे त्याच्याही हातात काही नव्हतं. आणि कासाबाईच्या डोक्यात भलतंच शिरलं. बाया रुसल्यात, काहीतरी राहून गेलंय. तिनं ओट्याला फरशा बसवून घेतल्या. पाणी वाढलं नाही. मग तिला वाटलं, ज्या लेकरासाठी नवस केला त्या लेकराच्या आईनं ओटी भरली नाही, म्हणून रुसल्या. बबिता बिचारी तान्ह्या पोरीला काखेत घेऊन वाळूजहून एसटीनं आली. भर उन्हात खण-नारळानं ओटी भरली, पोरीला देवींच्या पायावर घातलं. पोरगी घामोळ्यांनी किरकिर करत होती. पाणी वाढलं नाही ते नाहीच.

चैत्र संपत आला. अमृत सुट्टी काढून वैशाखात येणार होता. येणार म्हणजे ओढा बघणार, आणि तिच्या कपाळावर भंडारा लावलेला. तिच्या मनात दुसरा विषय नव्हता हे दिसत होतं. तिचं तोंड बारीक झालं होतं.

एका सकाळी आम्ही लवकर गेलो. वाट आता ओढ्याच्या कडेनं नव्हती, नुसत्या गोट्यांच्या कडेनं होती. डोहाजवळ पोचलो आणि माधवरावांनी माझा हात धरला. कासाबाई वाडीच्या हापशावरून डोक्यावर घागर घेऊन येत होती. आली, वाकली, आणि घागर डोहात उपडी केली. पाणी चिखलात पसरलं, थोडं चमकलं, जिरलं. ती पुन्हा वळली तेव्हा आम्ही दिसलो. ओढ्यातून घागर भरून नेणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्यात. ओढ्यात घागर ओतणारी बाई मी जन्मात तेव्हाच पाहिली.

"अमृत येईस्तोवर वल्लं ऱ्हायलं पायजे," ती म्हणाली. "वल्लं हाय तवर आटला म्हनता येत न्हाई."

माधवराव, जे आयुष्यात घरातली बादली उचलत नाहीत, ते तिच्याबरोबर हापशाकडे निघाले. मी ओरडले, "अहो, गुडघे!" ऐकलं नाही. त्यांनी एक कळशी आणून ओतली आणि खाली बसले. डोहानं ती पण पिऊन टाकली. मेंढरं आली, उरला सुरला चिखल हुंगत राहिली. कासाबाई त्यांच्याकडे बघत होती. "माझी फसवनूक मलाच कळायलीय बाई," ती म्हणाली आणि रिकामी घागर बाजूला ठेवली.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरी आली होती. पाणी दिलं, ते सुद्धा घेईना.

"उद्या या बाई. एकल्या या."

"कशाला?"

"वटा फोडायचा हाय. नागनाथ न्हाई म्हनला, देवीच्या जाग्यावर हातोडा घालनार न्हाई म्हनला. मी फोडते. पन फोडस्तोवर माझ्या बायांना धराया कोनी तरी पायजे. उचलल्यावर त्यांना भुईवर ठिवता येत न्हाई, बाईमानसाच्या वट्यातच, पदरातच ठिवाया लागतंय. वाडीतल्या साऱ्या बायांना इचारलं. समद्या भ्यायल्यात."

"आणि मी नाही भीत असं वाटलं तुम्हाला?"

"तुमी भेता. पन तुमी याल."

गेले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. ती पहार आणि छिन्नी घेऊन ओट्याशी बसली होती. आधी तिनं हात जोडले, मग एकेका दगडाभोवतीचं सिमेंट ठोकून एकेक देवी मोकळी केली आणि माझ्या पदरात ठेवली. मुठीएवढे दगड, उन्हानं तापलेले. सातवी निघेना. जोर लावला तर तिचा टवका उडाला. कासाबाईच्या हातातून पहार पडली. "लागलं का गं माय?" असं त्या दगडाला विचारून तिनं त्यावरून पदर फिरवला. मी दुसरीकडे पाहिलं. मला बघवेना.

मग तिनं ओटा फोडला. फरशा, कोबा, रचलेले दगड. मधेच मी म्हटलं, मला द्या, तुम्ही बसा, तर म्हणे, "तुमी पदराचा वटा सोडू नका, बाया पडतील." म्हणून मी पदराचं ओझं धरून बसून राहिले आणि ती घामानं निथळत फोडत राहिली. शेवटी फट दिसली. तिनं पोती ओढून काढली. पोती कोरडी होती.

तिनं फटीत हात घातला. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग खडकाला गाल टेकून खांद्यापर्यंत.

"वल्लं लागायलंय," ती म्हणाली. "बाई, बोटाला वल्लं लागायलंय!"

मी दगड सांभाळत उठले, वाकले, हात घातला. मला काही ओलं लागलं नाही. गार लागलं, एवढंच. मी तिला तसं सांगितलं नाही. आम्ही बसून राहिलो. उंबराची सावली फिरली. मेंढरं आपसूक आली, फुटलेल्या ओट्याभोवती उभी राहिली आणि त्या फटीला नाकं लावून वास घ्यायला लागली. मग एकेक करून परत फिरली. शेवटची मेंढी गेल्यावर कासाबाईनं हाताला लागलेली माती लुगड्याला पुसली.

वाडीत काय झालं सांगू? लोक म्हणाले, हिनं आसरांचं ठाणं फोडलं, म्हणून ओढा आटला! अरे, डोळे फुटले होते का तुमचे? आधी आटला की आधी फोडलं? पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? नागनाथ सुद्धा मान हलवत होता, ज्यानं आपल्या हातानं पोती कोंबली तो. मी त्याला चार शब्द सुनावले. त्यानं काय होणार होतं म्हणा.

अमृत आला. ओढ्याकडे गेला, एकटाच उभा राहिला, आणि परत येऊन आईच्या पायाशी बसला. मी समोर होते. तो म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे. कसली शपथ न् काय. मेंढरांना टँकरचं पानी घालू. तू हितंच ऱ्हा."

मला त्या पोराची पापी घ्यावीशी वाटली. मी पण म्हटलं, "ऐका त्याचं, कासाबाई. देवाला कळतं सगळं."

तिनं कमरेची भंडाऱ्याची पिशवी चाचपली. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तू सोडशील रं. मी भंडारा उचललाय. तुझ्या बापानं कुनाला दिल्याला शब्द मोडला न्हाई, आन् मी मोडू? आन् टँकर किती दिस पाजशील लेकरा? वाडीला प्यायाला न्हाई." अमृत रडला. ती रडली नाही.

मेंढरं न्यायला टेम्पो आला त्या दिवशी तिला एकाच गोष्टीची लाज वाटत होती. पुन्हा पुन्हा व्यापाऱ्याला सांगत होती, "धुयाची ऱ्हायल्यात वो. आमी अशी घान मेंढरं कवा इकीत न्हाई. पानी न्हाई म्हनून." तो बरं बरं म्हणत पाय धरून एकेक मेंढी वर टाकत होता. टेम्पो गेला आणि वाडी एकदम गप्प झाली.

निघायच्या सकाळी तिनं मला ओढ्यावर नेलं. देवी तोवर तिच्या झोपडीत, धान्याच्या टोपल्यात ठेवल्या होत्या. त्या तिनं पदरात घेतल्या आणि फुटक्या ओट्याच्या मधोमध, फटीच्या तोंडाशी, पूर्वी होत्या तिथंच मांडल्या. टवका उडालेली मधे. वाटीत तेल घेतलं, शेंदूर कालवला, आणि एकेकीला नीट बोटानं लावला. वर पत्रा तसाच होता. मग ती मागे सरून बघत राहिली, ओटा बांधला त्या दिवशी बघत होती तशीच, पदर तोंडावर धरून.

"बगा बाई," ती म्हणाली, "आता न्हाई धुऊन जायाचा."

ती वाळूजला गेली त्याला पाच पावसाळे झाले. ओढा पावसात चार दिवस वाहतो आणि दिवाळीच्या आत गोटे उघडे पडतात. माधवरावांचे गुडघे आता अजिबात चालत नाहीत. मी एकटीच अधूनमधून एसटीनं फाट्यावर उतरते आणि त्या सपाट वाटेनं उंबरापर्यंत जाऊन येते. कासाबाईचा फोन दर अमावास्येला येतो, नात लावून देते. ओढ्याचं विचारायचा तिला धीर होत नाही. ती एवढंच विचारते, "बाई, शेंदूर हाय का?"

पत्र्याखाली पाऊस पोचत नाही. शेंदूर जाईल तो फटीतून पाणी आलं तरच. हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

"आहे," मी म्हणते.

"बरं," ती म्हणते. मग जरा थांबून नातीच्या शाळेचं सांगायला लागते.